बिनअंड्याची पेस्ट्री

आक्कानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती नेमकी अंड्याशिवाय होत नाही अशी निघाली. मी जैनाची, ती जैनाची, आणि मागितलं काय, तर शू पेस्ट्री! नशिबानं थट्टा करायची म्हटली तर अशी करतं.

आक्का माझी थोरली बहीण. दहा वर्षांनी मोठी. मी दोन वर्षांची असताना आई गेली, तेव्हा बारा वर्षांच्या पोरीनं मला कडेवर घेतलं ते माझं लग्न होईपर्यंत खाली ठेवलं नाही. ती चौथीनंतर शाळेत गेली नाही. मी मात्र शिकले, मास्तरीण झाले, बेळगावात टिळकवाडीत संसार थाटला, निवृत्त झाले. आक्का निपाणीच्या अलीकडं, महामार्गापासून आत असलेल्या गावात राहिली. तंबाखूची शेती, गुरं, बस्तीतलं, म्हणजे आमच्या जैन मंदिरातलं, दर्शन आणि दिवस मावळायच्या आत जेवण. कांदा-बटाटा तिनं कधीच सोडला होता. दर पावसाळ्यात आणखी एक काहीतरी सोडायची. मी चिडवायची, "आक्का, सोडायला आता उरलंय काय? मलाच सोडशील एखाद्या वर्षी." ती म्हणायची, "तू काय खायची वस्तू हाईस व्हय गं?"

दोन वर्षांपूर्वी तिला पोटाचं दुखणं लागलं. कोल्हापूरला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता घरीच ठेवा, काय खातील ते द्या. पण ती खातच नव्हती. अन्नावरनं मनच उडालं होतं. दोन घास भात, वाटीभर दूध, संपलं. एक मात्र खरं, मी गेले की माझ्या हातचं चार घास जास्त खायची. तिची सून म्हणायची, "मावशी, तुम्ही आलासा की ह्यांचं तोंड उघडतंय बघा." मला त्याचा केवढा गर्व होता, काय सांगू! बेळगावातनं डबा बांधून मी दर आठवड्याला बस पकडायची.

एकदा तिला दाखवावं म्हणून मी मोबाइल काढला. माझी मुलगी बंगळूरला एका बेकरीच्या स्वयंपाकघरात काम करते. जैनाच्या पोरीनं अंडी फोडायची नोकरी धरली म्हणून मी वर्षभर तिच्याशी धड बोलले नव्हते. काय काय ऐकवलं होतं तिला! पुढं राग निवला, पण तिच्या बेकरीतलं काही मी तोंडात घातलं नव्हतं. तिनं ओव्हनच्या काचेतनं एक व्हिडिओ काढून पाठवला होता. पांढरट पिठाचे छोटे गोळे, प्रत्येकावर साखरेच्या पिठाची पातळ चकती. बघता बघता गोळे फुगायला लागतात, वरची चकती ताणते, तडकते, आणि शेवटी भेगाभेगांचं सोनेरी कवच तयार होतं. मग कुणीतरी एक फोडून दाखवतं. आत काहीच नाही. पोकळ. हीच ती शू पेस्ट्री.

आक्कानं तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला. मला म्हणाली, "आत काय भरल्यालं न्हाय, आन् फुगतंय कशानं गं?"

"वाफेनं," मी म्हटलं.

"आपल्या पुरीवानी."

"तसंच म्हण."

मग म्हणाली, "मला एक करून आण की. ह्या पर्वात मी गोड सोडणार हाय. त्याच्या आदी एकदा खाऊन बघतो. अंडं न घालता हुईल न्हवं?"

काही खायला माग म्हणून आम्ही तिच्या हातापाया पडत होतो, आणि आज ती आपण होऊन मागत होती. मी काय म्हणणार? "होईल की, त्यात काय!" म्हणाले. जसं काय रोज करतेच.

भाद्रपदातल्या आमच्या दहा दिवसांच्या पर्वाला आठ दिवस होते.

घरी येऊन मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, सगळं होईल, पण अंड्याशिवाय शू फुगत नाही. पोकळी अंड्यानंच धरते." मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस, कृती सांग. कृती ऐकली आणि मला हसूच आलं. पाणी, लोणी, चिमूटभर मीठ उकळायचं, मैदा एकदम टाकायचा आणि पातेल्याला सुटेपर्यंत घोटायचं. अगं, ही तर आपली मोदकाची उकड! एवढ्यासाठी बंगळूरला जायला लागतं? लोणी आक्काला चालत नव्हतं, म्हणून मी तूप घेतलं. फोनवर पोरगी कळवळली, "तुपात शू?" मी फोन ठेवून दिला.

वरच्या चकतीनं मला मुळीच त्रास दिला नाही. तूप, साखर, मैदा मळला की झालं नानकटाईचं पीठ. दुधाच्या पिशव्या धुऊन कापल्या, दोन प्लास्टिकच्या मधे पीठ ठेवून पातळ लाटलं, फ्रिजमध्ये घट्ट केलं आणि बाटलीच्या झाकणानं चकत्या पाडल्या. ही चकती पहिल्याच दिवशी अशी तडकली, अशी कुरकुरीत झाली, की मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून चार खाल्ल्या. पण खालचं? खालचं फुगायचं नावच घेईना.

पहिल्या दिवशी अंड्याऐवजी नुसतं दूध घातलं, तर गोळे पसरून थापट्या झाल्या, पायात घालून चालावं अशा. दुसऱ्या दिवशी दही आणि खायचा सोडा घातला. वर आले, मला आनंद झाला, फोडून बघते तर आत भरीव केक. तिसऱ्या दिवशी मुलीनंच सांगितलं म्हणून अळशी भिजवून तिचा चिकट रस घातला. बाहेरनं दगड, आत गोंद. हे म्हणाले, "आता तरी सोड. तिला साधा सांजा करून ने." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या बहिणीनं मागितलं असतं तर सांजा नेला असता." ते बिचारे पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

मला हरायची सवय नाही, हा माझा मोठा दोष. शाळेत पोरगं एखादं गणित शिकेना तर मी त्याला मधल्या सुट्टीतही सोडायची नाही. त्यानं गणितावर प्रेम करावं म्हणून नव्हे. माझ्या हातनं होत नाही, हे मला खपायचं नाही. आक्काच्या पेस्ट्रीचं तसंच झालं. ती खाईल का, याच्यापेक्षा ती फुगेल का, हाच घोर लागला.

सहाव्या दिवशी मी समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंकडं गेले. त्यांच्या घरी सगळं चालतं. म्हटलं, मला नुसतं बघायचंय, खरं पीठ कसं दिसतं, म्हणजे माझं काय चुकतंय ते कळेल. त्या हसल्या आणि फ्रिजमधनं चार अंडी काढून ओट्यावर ठेवली. मी दोन पावलं मागं सरले. मग आमची वाटणी ठरली. माझीच अक्कल हो ही! अंडी त्यांनी फोडायची, मी हात लावायचा नाही. उकड मी काढायची, तूप माझ्या घरचं, चकत्या माझ्या फ्रिजमधल्या, घोटायचं मी. त्या एकेक अंडं वाटीत फेटून वरनं सोडत होत्या आणि मी चमचा गरागरा फिरवत होते. वास आला तेव्हा तोंड फिरवलं, पण हात थांबला नाही. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. फोडणारा हात कुणाचा, यावर मी माझं सोवळं राखलं होतं.

पीठ आधी फाटलं, मग जुळून आलं, मऊ आणि चकचकीत झालं. बाईंच्या ओव्हनपुढं आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसलो. दार उघडायचं नव्हतं. पंधरा मिनिटांनी गोळे उठले. टम्म फुगले. वरची माझी चकती चरचर तडकत गेली, जशी व्हिडिओत तशीच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? बाईंनी सहा स्वतःला ठेवले आणि सहा माझ्या हातात दिले, "मुलीला फोटो पाठवा," म्हणाल्या. मी फोटो पाठवला. मुलीनं लगेच विचारलं, "आई, अंडी?" मी फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोड्याचे केले. त्यातल्या त्यात बरे झालेले सहा स्टीलच्या डब्यात भरले. बाईंकडचे सहा दुसऱ्या डब्यात होते. दोन्हींत बेळगावी कुंदा दुधात सैल करून भरला. निघताना पिशवीत दोन्ही डबे घातले. का घातले, मला माहीत नाही, असं मी कित्येक दिवस म्हणत होते. साफ खोटं. मला चांगलं माहीत होतं.

संकेश्वर गेलं तसं ऊन पडलं. फाट्यावर भाचा गाडी घेऊन आला होता. शेतात तंबाखूची लावण चालली होती. आक्का पुढच्या सोप्यात तक्क्याला टेकून बसली होती, अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून. लहान पोरीसारखी तिची नजर पिशवीवर. "आणलंस?"

मी पहिला डबा उघडला. तिनं एक उचलला, उलटसुलट करून बघितला, वास घेतला, चावला. वरचं कवच कुरकुरलं, पण खालचा गोळा तिच्या दातांना झेपेना. कसाबसा एक घास गिळला आणि उरलेला ताटलीत ठेवला. "चांगलं हाय," म्हणाली. मग माझं तोंड बघून हसली, "आगं, असू दे. व्हिडिओतलं आपल्याला कुठलं मिळतंय?"

तिनं ताटली बाजूला सारली. तेवढं पुरलं मला. म्हणाले, "थांब, अजून एक डबा आहे."

दुसरा डबा उघडला तेव्हा ती ताठ बसली. आधी बोटानं टिचकी मारली. मग माझ्याकडं बघितलं आणि सरळ विचारलं, "ह्यात काय न्हाय न्हवं गं?"

मी म्हणाले, "आक्का, मी करेन का तसलं?"

चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की प्रश्नाला प्रश्न विचारणं म्हणजे उत्तर नव्हे. मला शब्दशः खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून मी ही युक्ती केली. आणि आक्कानं माझ्यावर विश्वास टाकला. हिला मीच वाढवलंय, ही तसलं करायची नाही, असंच तिला वाटलं असणार.

कवच मोडल्याचा आवाज आतल्या खोलीतल्या सुनेपर्यंत गेला. "आगं, मोकळंच हाय की आतनं!" आक्का म्हणाली. ओठांना कुंदा लागला होता, मांडीवर चुरा पडला होता, ती बोटानं वेचून खात होती. एक संपवला. दुसरा मागितला. तोही संपवला. सून दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. दोन महिन्यांत आक्कानं इतकं खाल्लं नव्हतं. त्या घटकेला मला कशाचीही खंत नव्हती. खरं सांगते, मी जिंकले होते.

पर्वाच्या पहिल्या दिवशी भाच्यानं तिला बस्तीत नेलं. तिनं गोड सोडल्याचा नियम घेतला आणि मला फोन केला. "शेवटचं गोड तुझ्या हातचं झालं. माझं मन भरलं बघ," म्हणाली. फोन ठेवला आणि मग मला लख्ख कळलं. शहात्तर वर्षं त्या बाईच्या जिभेला जे शिवलं नव्हतं, ते मी तिला तिच्या नियमाच्या उंबऱ्यावर उभं करून भरवलं होतं. पर्वाचे ते दिवस मी दर्शनाला गेले, तर मूर्तीकडं वर बघवेना. कुणाला सांगायचं? मुलीला सांगितलं. तिला एक वर्ष छळलं होतं मी, मला बोल लावायचा तिला पुरता हक्क होता. ती एवढंच म्हणाली, "मावशीला सांग, आई."

पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी आमच्यात लहानथोर एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत चुकलं असेल त्याची क्षमा मागतात. घरोघर तेच. शेजारीपाजारी, दीर-भावजया, वर्षभर न बोलणारेसुद्धा. म्हणायची सवय झालेली असते. मी बसमध्ये ठरवलं होतं, की आपणही तेच चार शब्द म्हणायचे. त्यात सगळंच येतं की. कळत म्हटलं, नकळत म्हटलं, झालं!

पण आक्कानंच आधी हात जोडले. मी धाकटी असून. तिनं सुनेला बाहेर जायला सांगितलं आणि म्हणाली, "चौथीत असताना तू बोर्डिंगच्या शाळंची परीक्षा दिलीवतीस. ध्यानात हाय?"

"नापास झालते ती?"

"न्हाय. पास झालतीस. कागद आलता पोस्टातनं. आप्पा शेतात हुते. म्या चुलीत घातला." ती श्वास घ्यायला थांबली. "तू गेली असतीस तर घरात मी एकटीच उरलो असतो गं. लई वरसं सांगीन म्हणतो. आज क्षमा कर."

मी तिचे जोडलेले हात धरले आणि रडायलाच लागले. त्या कागदाचं मला काही वाटलं नाही. छप्पन्न वर्षांपूर्वीचा कागद! पण तिनं नाव घेऊन, दिवस सांगून क्षमा मागितली होती. आता मी 'कळत-नकळत' म्हणून सुटणार कशी?

मी सांगितलं. बाई, ओव्हन, चार अंडी, फोडणारा हात, घोटणारा हात, दोन डबे, सगळं. ऐकताना तिनं एकदाच लुगड्याचा पदर तोंडावर धरला आणि काढला.

मग म्हणाली, "मला इच्चारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून न्हाय इच्चारलंस."

"व्हय."

"म्हंजे माझं न्हाय म्हणायचंबी तूच घेतलंस."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग तिनं पुन्हा हात जोडले, मला क्षमा केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले. थोड्या वेळानं तिला पाणी हवं झालं. मी नेहमीसारखी तांब्याकडं उठले, तर ती म्हणाली, "बस तू. सून देतीय."

मला वाटलं, सहज म्हणाली असेल.

सहज नव्हतं. त्यानंतरही मी दर आठवड्याला जात होते. ती माझ्याशी बोलायची, हसायची, आप्पांच्या आठवणी काढायची, माझा हात हातात धरून झोपायची. डबा मात्र सुनेकडं द्यायला सांगायची, आणि तो घरातली पोरं खायची. तिसऱ्या खेपेला सुनेनं मला घरामागच्या परड्यात गाठलं आणि हळूच सांगितलं, "मावशी, आत्यांनी दूधबी सोडलंय. प्रायश्चित्त म्हणत्यात. कशाचं म्हणून इचारलं, तर सांगत न्हाईत." आक्कानं माझी चूक आपल्या घरात कुणाला कळू दिली नव्हती. पण दूध हेच एक तिच्या पोटात टिकत होतं. मी तिच्या पाया पडले, म्हटलं, पाप माझं आहे, सोडायचं असेल तर मी सोडते, तू दूध घे. ती म्हणाली, "खाल्लं कुणी? मी खाल्लं."

दूध घेतलं असतं तर ती आणखी किती जगली असती, हे मी डॉक्टरना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि अजूनही नाही.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. सकाळी भाच्याचा फोन आला, मी दहाच्या बसनं निघाले. पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती, बोलणं बंद झालं होतं. मला तिनं ओळखलं. डोळ्यांनी जवळ बोलावलं. ओठ सुकून त्यांच्या साली निघाल्या होत्या. उशाशी गाळलेल्या पाण्याची वाटी आणि चमचा होता. सून चुलीपाशी होती, मीच जवळ होते, आणि अशा वेळी कोण विचार करतं? मी चमचा भरला आणि तिच्या ओठांपाशी नेला.

तिनं ओठ मिटले.

राग नव्हता तिच्या डोळ्यांत. माझ्याकडंच बघत होती, मायेनं बघत होती, तिचा हात माझ्या मनगटावर होता. पण ओठ मिटलेले. मी चमचा तसाच धरून राहिले, अर्धं पाणी तिच्या हनुवटीवर सांडलं. तेवढ्यात सून आली, तिनं माझ्या हातातनं चमचा घेतला, पुन्हा भरला.

आक्कानं तोंड उघडलं.